पुढचा भाग देवगावलाच होता

किसन, तू गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी देवगाव रंगारीत, आपल्या शेताच्या बांधावर वारलास. मोसंबीला पाणी धरायला गेला होतास. वहिनी न्याहारी घेऊन आल्या तेव्हा तू आंब्याला टेकून बसलेला होतास आणि हाकेला ओ देत नव्हतास. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. दुपारी अग्नी दिला. मी तोवर पोहोचलो होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो. हातपाय धुतले. वहिनी मला गोठ्यात घेऊन गेल्या आणि माळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भावजी, शिडी लावा. वर कडब्याच्या मागं एक गाठोडं हाय."

गाठोड्यात आपल्या फटफटीचा मूळ पुढचा भाग होता. चिमटा, चाक, हँडल, दिवा. एकही वस्तू गहाळ नव्हती.

बाकीचं इतर लोक लिहितील. तू सोसायटीचा चेअरमन होतास, शाळेला जागा दिलीस, गावात तुझ्या शब्दाला किंमत होती. ते सगळं खरं आहे. मी फक्त या गाठोड्याबद्दल लिहितो आहे. यातलं बरंच तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी पहिल्यापासून लिहितो. क्रम लावला की कुठल्या दिवशी तू काय लपवलंस ते मला नीट दिसतं.

पोलीस अॅक्शननंतर निजामाच्या नोकरीतला एक अधिकारी औरंगाबाद सोडून गेला. जाताना त्याने बंगल्यातलं सामान विकायला काढलं, त्यात ही मोटारसायकल होती. माझे वडील अप्पा आणि तुझे वडील तात्या, सख्खे भाऊ. दोघांनी मिळून ती घेतली. विलायती बनावट, एक सिलिंडर. पुढे आजच्यासारखे नळ्यांचे शॉकअप नाहीत. चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यांचा चिमटा आणि दिव्याखाली एक जाड स्प्रिंग. जाताना अप्पा चालवायचे, येताना तात्या. मागे बसलेला चालवणाऱ्याला सूचना द्यायचा. गावाच्या वेशीपासून दोघांची भांडणं इंजिनाच्या वर ऐकू यायची, असं तुझी आई सांगायची.

पुढे भांडणं फटफटीपुरती राहिली नाहीत. वाटणी झाली तेव्हा आपण दोघं दहा-अकरा वर्षांचे होतो. जमीन निम्मी झाली. विहीर तुमच्याकडे राहिली, पण पाण्याच्या पाळ्या ठरल्या. आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या, पूर्वेकडच्या तुमच्या, पश्चिमेकडच्या आमच्या. फटफटीपाशी पंच अडले.

"एकानं फटफटी घ्या, दुसऱ्यानं म्हैस घ्या," पाटील म्हणाले.

"म्हैस काय पेट्रोलवर चालती का?" तात्या म्हणाले.

"मग तू म्हैस नको घेऊस, फटफटी सोड," अप्पा म्हणाले.

"सोडतो. तू बी सोड."

मागून कोणीतरी म्हणालं, "कापा मग मधून!" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते घरात गेले आणि पाना घेऊन आले. अप्पांनी त्यांना अडवलं नाही. गाडी दगडांवर टेकवली, हँडलखालचा मोठा नट सोडला, दिवा आणि हँडल उतरवलं, आणि पुढच्या चाकासकट चिमटा चौकटीच्या गळ्यातून खाली ओढून काढला. गळ्यातले पोलादी छर्रे जमिनीवर सांडले. ते तू आणि मी वेचले. अख्खा पुढचा भाग, छर्रे ज्यात बसायचे त्या गळ्यातून ठोकून काढलेल्या दोन वाट्यांसकट, तात्यांना गेला, इंजिन आणि चौकट अप्पांना. पंचांनी त्यावर अंगठे आणि सह्या घेतल्या.

"हँडल माझ्याकडं हाय. गाडी माझी," तात्या म्हणाले.

"इंजिन माझ्या दारात आहे," अप्पा म्हणाले.

त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. अप्पांनी औरंगाबाद शहरात नोकरी धरली. औरंगपुऱ्यात आम्ही भाड्याने राहायला गेलो तेव्हा बैलगाडीतून आलेल्या सामानात ते अर्धं वाहन होतं. ते जिन्याखाली, पुढून लाकडी ओंडक्यावर टेकलेलं, अप्पांच्या हयातीत आणि नंतरही तसंच राहिलं. अप्पा वारले तेव्हा तात्या आले नाहीत. तू आलास. पहिल्या एसटीने आलास, खांदा दिलास, आणि तेरा दिवस राहिलास. तात्यांनी तुला त्यासाठी किती दिवस घरात बोल लावले ते तू मला कधी सांगितलं नाहीस. वहिनींनी परवा सांगितलं. ते तुझ्या बाजूला लिहून ठेवतो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी एका रविवारी तू घरी आलास. तात्या जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. चहा होण्याआधीच तू जिन्याखाली वाकून गोणपाट ओढलंस.

"काय संपादक, आता काय करू रायला दिवसभर?"

मी कधीच संपादक नव्हतो. मुख्य उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. हे तुला चाळीस वर्षं माहीत होतं.

"वाचतो," मी म्हणालो.

"दुसऱ्याचं लिहिलेलं चुकलेलं वाचायचं, ते तर नोकरीत बी करत होतास. त्यापरीस हिला चालू करू."

"पुढचा भाग?"

तू गोणपाटाची घडी घातलीस. मग म्हणालास, "तो नाय आता. तात्यांनी विहिरीत टाकला. मरायच्या आधी. म्या बघितलं."

या वाक्यापर्यंत मी पुन्हा पुन्हा मागे जातो. गाडी चालू करायची कल्पना तुझी होती, माझी नव्हती. मी पन्नास वर्षं ते लोखंड पाहत आलो होतो आणि मला त्याचं काही करायचं नव्हतं. सुरुवात तू केलीस आणि त्याच दमात खोटंही बोललास. मी त्यावर विश्वास ठेवला. आमच्या पेपरात एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी जात नसे. पण ही बातमी नव्हती, आणि सांगणारा तू होतास.

त्या उन्हाळ्यात मी देवगावला आलो. विहिरीचा गाळ काढायला तू क्रेन लावली होतीस. पाणी तळाला गेलं होतं. मी म्हणालो, गाळात चिमटा मिळतो का बघू. तू म्हणालास, "बघू की." माणसं लावण्याऐवजी तू स्वतः उतरलास. कमरेला दोर बांधून, साठी ओलांडलेला माणूस, लुंगी खोचून. वहिनी काठावरून ओरडत होत्या, "अहो, तुमचं वय काय, तुम्ही करता काय!" तू खालून ओरडलास, "वय वर ठेवून आलोय! जरा बघ त्याच्याकडं!" गडी हसत होते. तू तासभर गाळ उपसलास. पहारीने टोचून बघितलंस. एक घंटा निघाली बैलाच्या गळ्यातली, एका हंड्याचा काठ निघाला. वर आलास तेव्हा छातीपर्यंत चिखल होता आणि धाप लागली होती. "नाय रे," म्हणालास. "गाळानं गिळला."

मी तुला पाणी दिलं. टॉवेल दिला. म्हणालो, "जाऊ दे, किसन. तू एवढं केलंस."

विहिरीपासून गोठा मी परवा पाहिला. मधे फक्त कडुनिंब आहे.

वहिनी काठावर उभ्या होत्या. त्यांनाही माहीत होतं. ओरडत होत्या त्या कशासाठी, ते मला आता कळतं.

मग आपण दुसरा पुढचा भाग शोधू लागलो. जालन्याचं भंगार, इथला जुना बाजार, शेवटी मालेगाव. प्रत्येक ठिकाणी तू माझ्याबरोबर आलास. प्रत्येक ठिकाणी लोखंड हातात घेऊन वजन केलंस, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितलंस, आणि नापसंत केलंस. मी म्हणायचो, "हा चालेल." तू म्हणायचास, "स्प्रिंग बारीक हाय. आपल्या गाडीची स्प्रिंग मनगटाएवढी व्हती." मी तुझ्या आठवणीचं कौतुक केलं होतं. घरी आलेल्या लोकांना सांगितलंही होतं, की या माणसाने कधीची विहिरीत गेलेली स्प्रिंग बरोबर लक्षात ठेवली आहे.

मालेगावला मिळाला तो त्याच काळातला, त्याच जातीचा, पण मोठ्या इंजिनाच्या गाडीचा चिमटा. दिसायला जवळजवळ तोच. एकच अडचण होती. चिमट्याचा उभा दांडा चौकटीच्या गळ्यात फिरतो. गळ्याच्या वर आणि खाली एकेक पोलादी वाटी ठोकून बसवलेली असते, वाटीत छर्रे असतात, त्यांच्यावर हँडल वळतं. या चिमट्याचा दांडा जाड होता, म्हणून त्याच्या वाट्या मोठ्या होत्या. त्या बसवायच्या तर चौकटीचा गळा आतून लेथवर कापून मोठा करावा लागणार होता.

मी नको म्हणालो. त्यावरून आपण पावसाळाभर भांडलो. आयुष्यात आपलं तेवढंच भांडण झालं, असं मी गाठोडं सुटेपर्यंत समजत होतो.

"चौकट मूळ आहे," मी म्हणालो. "अप्पांनी ठेवली तशी आहे. गळा एकदा कापला की परत येत नाही."

"परत यायला हाय कोण?"

"मूळ चिमटा मिळाला तर?"

"कसा मिळंल? विहिरीतून चालत येणार हाय का?"

"तसाच दुसरा, बारीक दांड्याचा. शोधू अजून."

"संपादक, आपलं वय झालं. तू शोधत बस. म्या तवर जळून जाईन आन् तू माझ्या नावानं दोन रकाने लिहशील."

मी म्हणालो, दोन नाही, एक. तू खूप हसलास. मग गंभीर होऊन म्हणालास, "गळा कापू. माझं ऐक. काय व्हत नाय त्याला. जबाबदारी माझी."

मी ऐकलं. तुझ्याकडे मूळ चिमटा असताना तू मला मूळ चौकट कापायला लावलीस. अनेक गोष्टी मी समजून घेऊ शकतो. वडिलांना दिलेला शब्द समजून घेऊ शकतो. लपवणं समजून घेऊ शकतो. लपवणाऱ्याला एक खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं, हे मी नोकरीत रोज पाहिलं आहे. पण भंगारातला आणखी एखादा चिमटा नापसंत करून तू वेळ काढू शकला असतास. गळा कापायची गरज तुलाही नव्हती. या एका ठिकाणी मी अडतो.

ज्या दिवशी कापायचं ठरलं त्या दिवशी तू देवगावहून पिशवी घेऊन आलास. जड होती. मी विचारलं, काय आहे? म्हणालास, "डबा." आपण चौकट रिक्षात घालून हबीबभाईंच्या लेथवर नेली. त्यांनी चौकट धरली, मशीन लावलं, आणि मी म्हणालो, "मी थांबत नाही. मला बघवणार नाही." तू म्हणालास, "जा, च्या पिऊन ये. म्या हाय इथं." मी औरंगपुऱ्यात एका चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा काम झालं होतं. तू चौकटीच्या गळ्यातून बोट फिरवून मला दाखवलंस, किती गुळगुळीत झालंय. मग आपण हॉटेलात जेवलो. डब्याचं मी विचारलं नाही. विसरलो असेन.

त्या पुढचे रविवार चांगले होते. आता ते कुठल्या सदरात टाकायचे ते मला कळत नाही. चांगले होते एवढं खरं.

जिन्यासमोर सतरंजी टाकून आपण बसायचो. खालच्या वाटीत ग्रीस भरायचं, त्यात छर्रे एकेक करून रुतवायचे, मग चिमट्याचा दांडा खालून वर सरकवायचा. दांडा वर जाताना एखादा छर्रा सुटून पडायचा आणि फरशीवरून थेट मोरीपर्यंत जायचा. तू म्हणायचास, "पळाला बघ पेपरवाला." मग सगळं पुन्हा. एकदा सगळं बसलं, वरचा नट आवळला, आणि लक्षात आलं की एक छर्रा वाटीबाहेर उरला आहे. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. "राहू दे," मी म्हणालो. "काय होतंय एकाने." "एकानंच व्हतं," तू म्हणालास, आणि नट सोडलास.

नट किती आवळायचा यावरही आपलं जमत नव्हतं. मी जास्त आवळायचो. तू पुढचं चाक विटांवर उचलून धरायला लावायचास आणि हँडलला बोट लावायचास. "आपोआप पडाया पायजे. डावीकडं बी, उजवीकडं बी. धरून ठेवलं तर माणूस वळणावर सरळ जातो." शेवटी एके रविवारी ते पडलं. दोन्हीकडे सारखं पडलं. तू पुन्हा पुन्हा करून बघितलंस. माझ्या पाठीवर ग्रीसचा हात मारलास. तो शर्ट अजून आहे.

इंजिन तोवर मेकॅनिकने चालू करून दिलं होतं. पहिल्यांदा आपण वेरूळला गेलो. जाताना मी चालवली, येताना तू, असं आधीच ठरवलं होतं. दौलताबादचा घाट चढताना तू मागून सूचना देत होतास. "दुसरा टाक. दुसरा! अरं म्हातारी चढती का अशी!" वेरूळला चहा घेतला. तिथल्या एका म्हाताऱ्याने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "सगळी मूळची का?" मी म्हणालो, पुढचा भाग दुसरा आहे, मूळचा विहिरीत गेला. तू तोंड फिरवलंस. रुमालाने डोळे पुसलेस. म्हणालास, "लई धूळ हाय रस्त्याला." मग थोड्या वेळाने म्हणालास, "आज ते दोघं असायला पायजे व्हते." मी तुझा हात धरला होता. तुला आठवत असेल. मी अप्पांचा मुलगा आणि तू तात्यांचा, दोघं एका गाडीवर. मला वाटलं, वाटणी तिथे संपली. मला या गाडीतून तेवढंच हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तू दर वर्षी फटफटीच्या पूजेला यायचास. दर वर्षी उशीर करायचास. आम्ही हार, नारळ घेऊन थांबलेलो असायचो. तू यायचास तेव्हा तुझी बोटं आधीच कुंकवाने लाल असायची. "घरची अवजारं पूजून आलो," म्हणायचास. नांगर, वखर, पाण्याची मोटर. मी कधी शंका घेतली नाही.

गाठोडं सोडलं तेव्हा चिमट्याच्या दोन्ही दांड्यांवर हळदीकुंकवाचे थर होते. जुने काळे पडलेले, वरचे लाल. स्प्रिंग मनगटाएवढी होती. सगळ्या लोखंडाला तेल लावलेलं होतं. कुठेही गंज नव्हता.

वहिनी शिडीजवळ खाली बसल्या होत्या. "हे तुमचं हाय का आमचं, मला ठावं नाय," त्या म्हणाल्या. "पण म्या आता संभाळणार नाय."

मी विचारलं, कधीपासून आहे इथे?

"कधीपासून म्हंजी? हलवलंच कधी? मामंजींनी मरताना ह्यांचा हात धरून बोलून घेतलं. म्हणले, माझं हँडल त्या घरात जायचं नाय. हे म्हणले, नाय जाणार. म्या दिवा धरून उभी व्हते."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही मागितलं असतं."

मी दांड्यावरचं तेल बोटाला लावून बघितलं.

"एकदा निघाले व्हते," वहिनी म्हणाल्या. "तुमचा तो मालेगावचा चिमटा आणून झाला तवा. गोणीत बांधून एष्टी-स्टँडापातुर नेलं, गड्याच्या डोक्यावर. एष्टी आली, गेली. हे बसूनच. परत आणलं. दोन दिस जेवले नाय. म्या म्हणलं, अहो देऊन टाका, मेलेलं माणूस काय बघाया येतंय? तर माझ्यावर वरडले. कधी वरडत नसत."

मग म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडून आले की लई खूश असायचे. आठवडाभर तेच. छर्रा असा पळाला, नट असा बसला. म्या मनात म्हणायची, ह्या माणसाला लाज कशी वाटत नाय."

हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी ते बदललेले नाहीत.

किसन, मी तुझ्याकडे गाठोडं मागितलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. मला विचारलं गेलं नाही. तू तात्यांचा शब्द राखलास आणि त्यासाठी मला त्या घरातला धरलंस. सतरंजीवर माझ्यासमोर बसून, माझ्या घरचा चहा पिऊन, माझ्या बायकोला वहिनी म्हणून, तू प्रत्येक रविवारी मला त्या घरातला धरलंस. आणि तरी प्रत्येक रविवारी आलास. देवगावहून, एसटीने, दोन्ही वेळचा प्रवास करून. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. नोकरीत असतो तर यातली एक काढून टाकली असती. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही ठेवतो.

गाठोड्यात आणखी एक वस्तू निघाली. चिमट्याच्या दांड्याला तारेने बांधलेल्या दोन पितळी रिंगा. बांगडीपेक्षा लहान, बोटभर उंच, आतून-बाहेरून साफ कातलेल्या. फटफटीत अशा रिंगा कुठेच नाहीत. वहिनींना त्यांचं काही सांगता आलं नाही. दांड्यावर मूळच्या दोन वाट्याही होत्या. मी रिंगा आणि वाट्या खिशात घातल्या आणि शहरात परत आलो.

काल हबीबभाईंकडे गेलो. तू गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. ऐकून त्यांनी मशीन बंद केलं आणि हात पुसले. "अच्छा आदमी था," म्हणाले. "बैठता था तो दुकान में हँसी रहती थी." मी रिंगा काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

"ये तो मेरे हाथ का काम है," ते लगेच म्हणाले.

"कधीचं?"

"वो तुम्हारा गला बोर किये ना, उसी दिन का. तुम चाय को गए थे. किसनराव थैली में से पुरानी वाटी निकाले, बोले, हबीबभाई, गला जितना बड़ा करोगे, उस नाप के दो छल्ले भी उतार दो, अंदर ये वाटी बैठनी चाहिए. मैं बोला, काय के वास्ते? बोले, घर में पुराना माल रखा है. कभी वापस बिठाना पड़ा तो गला खराब नहीं होना."

रिंगा माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "तुमको नहीं बोले क्या?"

"नाही."

"अरे. मैं तो समझा तुम दोनों का सलाह है."

मालाची रिक्षा आणली. मी आणि त्यांचा कारागीर मिळून जिन्याखालून फटफटी बाहेर काढली आणि दुकानात नेली. चौकटीखाली ओंडका लावला. वरचा नट सोडला. मालेगावचा चिमटा गळ्यातून खाली घेतला. तू रुतवलेले छर्रे ग्रीससकट जागेवर होते, ते डबीत काढून ठेवले. मोठ्या वाट्या ठोकून बाहेर काढल्या. गाडी अप्पांच्या वेळी जिन्याखाली उभी असायची तशी, पुढून रिकामी, ओंडक्यावर टेकून उभी राहिली.

उद्या तुझा दहावा आहे. मी येतो आहे. गाठोडं अजून देवगावच्या माळ्यावरच आहे. वहिनींना काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

हबीबभाईंनी कॅलिपर घेऊन आधी गळा मोजला, मग रिंगा, मग जुन्या वाट्या. मग पुन्हा एकदा, माझ्यासमोर. रिंगेचं बाहेरचं माप गळ्याशी जुळतं. आतलं माप जुन्या वाटीशी जुळतं. वरचं आणि खालचं, दोन्ही.